येतो म्हणा

आमची मावशी रक्तपिशाच्चांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढायची. हसू नका, तीस वर्षं पोट भरलं तिनं त्यावर. छापखान्यात भयकथांची प्रुफं तपासायची. घरातल्या माणसानं 'या' म्हटल्याशिवाय पिशाच्च उंबरा ओलांडत नाही, हा नियम तिला तोंडपाठ. एका लेखकाचं पिशाच्च तसंच आत घुसलं, तर हिनं लाल शाईनं समासात लिहिलं, 'बोलावलं कुणी?' लेखक महाशय महिनाभर फुगून बसले.

बोलण्यातल्या चुकाही तिला खपत नसत. तिचे यजमान, आमचे काका, साध्याशा ऑपरेशनला निघाले आणि दारात चपला घालताना म्हणाले, "जातो गं."

"जातो काय? येतो म्हणा!"

"बरं बाई, येतो." हसत जिना उतरले. ते काही परत आले नाहीत.

तेव्हापासून मावशी रोज संध्याकाळी सहाला दाराशी खुर्ची टाकून बसायची. "जिन्यावर त्यांच्या चपला वाजतात गं. दाराशी येऊन थांबतात." 'या' म्हणायचं धाडस नव्हतं. आत येईल ते आपलंच माणूस असेल असं नाही, हे तिनं शंभर पुस्तकांत वाचलं होतं. पण दारापासून उठवतही नव्हतं. जेवण सुटलं. सहा महिन्यांत चेहरा पांढराफटक, हातांच्या नुसत्या काड्या. मला काकांचा भयंकर राग यायचा. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण मी चिडायचे.

एकदा मी तिथं असतानाच सहा वाजले. "मावशी, पुरे कर हे खूळ," म्हणतेय तोच जिन्यावर चपला वाजल्या. वर आल्या. दाराबाहेर थांबल्या. माझी तर पाचावर धारण बसली. आणि मेली सवय! दाराशी कुणी आलं की निघतं तेच तोंडून निघायला लागलं, "या..."

मावशीनं माझं तोंड दाबलं. हात गारढोण होता. मग ती उठली आणि कडी न काढताच दाराला गाल टेकवून म्हणाली, "अहो, ऐकलंत का? त्या दिवशी तुमचंच बरोबर होतं. मीच उगाच दुरुस्ती केली. जातो म्हणा."

मग चपला वळल्या आणि एकेक पायरी उतरत गेल्या.

मावशी खाली बसून हमसाहमशी रडली. "म्हणाले का गं ते?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. "म्हणाले," मी ठोकून दिलं.

त्या दिवशी ती पोटभर जेवली. मी निघाले, दारात चपला घातल्या. मावशी बघत होती. पण 'येते' म्हणायला माझी जीभच रेटेना.