लतीफमामांचा वाकडा सूर

आधीच सांगते, माझं अक्षर म्हणजे कुत्र्यामांजराचे पाय. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं हे तेव्हाही नीट कळत नव्हतं. वाचणाऱ्यानं चुका पोटात घालाव्यात. खरं तर कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझा पदर तोंडाला जातो. पण गेले कित्येक दिवस डोक्यात सारखं काहीतरी वाजतंय, ते कागदावर उतरवल्याशिवाय चैन पडायचं नाही. माझी लेक वैशाली म्हणते, आई, लिही, पेपरच्या पुरवणीत लोक असंच लिहितात. बघू… आधी लिहून तर होऊ दे.

लतीफमामा गेले तेव्हा मी कापसात होते. कमरेची ओटी अर्धी भरली होती. हसनाबादहून शमीमचा, त्यांच्या लेकीचा, फोन आला. "ताई, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. माझ्या तोंडून निघालं, "अगं, पण वैशालीच्या लग्नात वाजवायचं होतं ना त्यांना!" जसं काही मामा ठरलेली सुपारी मोडून गेले होते. शमीम रडता रडता हसली. म्हणाली, "काल रात्रभर तेच बडबडत होते…"

हसनाबाद माझं माहेर. आमची आणि लतीफमामांची भिंत एक. माझी आई, सरूबाई, त्यांना राखी बांधायची, म्हणून ते माझे मामा. गावातल्या बँडमध्ये ते क्लॅरनेट वाजवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. लग्नसराई नसली की बँडवाल्यांच्या हाताला काम नसतं, तेव्हा मामा आमच्यासोबत कापूस वेचायला यायचे. बायांच्या ओळीत हा एकटा बाप्या. बाया काय सोडतात होय? "मास्तर, बोंडात फुंकू नका बरं, वाजायचं न्हाई ते!" मामाही म्हणायचे, "वाजलं तं तुमच्या पोरीच्या लग्नात फुकट येईन."

ऊन उतरलं की आई चाल धरायची. शब्द आमचे आम्हीच जोडायचो, पण शेवट ठरलेला. "ऊन कललं, ओटी भरली, घर लांब गं बाई…" त्या 'लांब'वर आई आवाज असा ओढायची की तो वर चाललाय का खाली उतरतोय तेच कळायचं नाही, मधेच कुठंतरी लोंबकळत राहायचा. आम्हाला त्याचं काही नवल नव्हतं. दिवसभर वाकून पाठ धरल्यावर आवाज तसाच निघणार. पण एक दिवस मामा ओळीत उभेच राहिले.

"सरूबाई, ते 'लांब' पुन्हा म्हणा बरं."

"का हो, चुकलं का काही?"

"चुकलं न्हाई. पर माझ्या क्लॅरनेटला त्या सुराचं भोकच न्हाई!"

"मंग पाडा की एक," आई म्हणाली, आणि सगळ्या बाया खाली बसून हसल्या.

भोक काही त्यांनी पाडलं नाही. पण त्या हिवाळ्यात भिंतीपलीकडून रोज घोगरा आवाज यायला लागला. क्लॅरनेटच्या तोंडाची पत्ती ओठात सैल धरायची, भोकावरचं बोट पूर्ण न उचलता अर्धंच सरकवायचं, असा काहीतरी त्यांचा खटाटोप चालायचा. आई म्हणायची, "मास्तरचं रेडकू अजून काही उठंना." आणि एका दुपारी आई भाकरी थापत होती, मी चुलीपुढं होते… आणि ते आलं! तोच ओढलेला, मधेच लोंबकळणारा सूर, पण आईच्या आवाजापेक्षा केवढा तरी मोठा! आईची भाकरी हातातच राहिली. ती म्हणाली, "अगं बाई, हे तं मीच!" आणि पिठाच्या हातानं तशीच पलीकडं पळाली. तिला एवढं खूश मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढं माझं लग्न ठरलं, जाफराबादकडच्या गावात. आमच्याकडं बँड वरपक्षाचा असतो. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघाला की त्याच्यापुढं वाजवायचं, अक्षता पडल्या की जेवायचं आणि बिदागी घेऊन निघायचं. पाठवणीला बँड नसतो, तिथं फक्त बाया रडतात. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, हसनाबादचाच बँड ठरवला होता. इसार दिला होता, बाकी लग्न लागल्यावर द्यायची होती. लग्न लागलं, जेवणं झाली, बाकीचे बँडवाले टेम्पोत बसले. मी जीपमध्ये पाय ठेवला आणि मामांनी टेम्पोतून खाली उडी मारली, क्लॅरनेट तोंडाला लावलं आणि सुरू केलं… घर लांब गं बाई.

कोणी कधी ऐकलं नव्हतं असं. लग्नात आणि हे! बाया रडायच्या थांबल्या, मग दुप्पट रडल्या. ढोलवाला न सांगताच हळूहळू ठेका धरायला लागला. आणि आबा तावातावानं पुढं आले.

"ए मास्तर! लगीन हाय का मयत? पैसा माझा अन् रडगाणं पोरीवाल्याचं?"

मामांनी सूर पुरा केला, मगच तोंडातून क्लॅरनेट काढलं. म्हणाले, "आबासाहेब, दिवसभर तुमच्या पोरासाठी वाजवून राह्यलो. पोरगी घर सोडून चालली, तिच्यासाठी एक सूर नको का?"

"मंग बाकीही पोरीवाल्याकडूनच घे!"

माझ्या वडलांनी घाईनं खिशात हात घातला. मामांनी तो धरला. "न्हाई दाजी. बिदागी ज्यानं आणलं त्याच्याकडूनच घेईन. आज न्हाई तं उद्या." मग आईकडं वळून हळूच म्हणाले, "वाकडं बराबर आलं का?" आईनं मान हलवली. जीप निघाली. सोबतच्यांना मामांनी त्या दिवशी पदरचे पैसे दिले, हे मला फार नंतर कळलं.

सासरी माझं नाव 'रडक्या बँडची सून' पडलं. आबा वाईट माणूस नाही, पण शब्द फिरवणं त्यांच्या जिवावर येतं. घरात लतीफमामांचं नाव काढलं की ते उठून बाहेर जात. मी तोंड उघडून कधी काही म्हटलं नाही. पण मनात एकच होतं, ती बाकी या घरातून, आबांच्या हातानं जावी. आमच्या गावाच्या सुराला यांनी हात जोडावेत. मी मामांना गुपचूप द्यायला गेले तर ते खवळायचे. "तू दिलीस तं मी हरलो. आन् ही बाकी हाय तोवर मला तुझ्या दारी यायचा हक हाय, कळलं का?" आणि खरंच, बाजाराच्या दिवशी जाफराबादला आले की ते आमच्या दारावरून जायचे आणि ओट्यावर बसलेल्या आबांना मोठ्यानं सलाम करायचे. आबा मान फिरवायचे. मामा मला डोळा मारायचे.

आणि तिकडं त्या सुराचं काय झालं म्हणता! पुढच्याच लग्नसराईत भोकरदनकडचा एक मुलीचा बाप मामांकडं आला. म्हणाला, त्या पोरीला वाजवलं तेच माझ्या पोरीला वाजवा, पैसे मी देतो. मग दुसरा आला, मग तिसरा. इतर बँडवाले शिकायला यायचे आणि मामा ओट्यावर बसवून शिकवायचे. बायको म्हणायची, "सगळं वाटून टाका, मग आपण काय वाजवायचं?" मामा म्हणायचे, "सूर काय माझ्या खिशातला हाय? येचणीच्या बायांचा हाय. सरूबाईला विचारून घेतलाय मी." आई तेव्हा थकली होती, बाजेवर असायची. दूर कुठं वरात वाजली की म्हणायची, "बघ, मी चालले."

माझ्या नणंदेचं लग्न निघालं तेव्हा नवरदेवाकडचे वडीगोद्रीकडून बँड घेऊन आले. आबा निवांत होते, इथं कोण लतीफ येतो! आणि पाठवणीला त्या अनोळखी मास्तरनं तेच सुरू केलं… तोच वाकडा 'लांब', तस्साच! हातातलं ओवाळणीचं ताट मी तिथंच खाली ठेवलं. मी आबांकडं पाहिलं. लेक गाडीत बसत होती आणि आबा लिंबाच्या झाडाकडं तोंड करून फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होते. कोणीतरी मास्तरला विचारलं, ही चाल कोणाची? तो म्हणाला, "कोणाची म्हंजे? पाठवणीचीच हाय. सगळीकडं हीच वाजती."

हे सांगायला मी हसनाबादला गेले तर मामांनी टाळीच दिली. "वडीगोद्रीपर्यंत गेली? चालत गेली का एसटीनं?" आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "आबा रडले? बराबर पाह्यलंस ना?"

एकदा वैशालीनं मोबाइलवर त्यांना एक जुनं गाणं दाखवलं. अमेरिकेतला एक म्हातारा काळा माणूस एकटाच खुर्चीवर बसून तारा छेडत गात होता. वैशाली म्हणाली, आजोबा, हे लोकही कापूस वेचताना गायचे, त्यातूनच यांचं गाणं आलं आणि सगळ्या जगात गेलं. मामांनी मोबाइल कानाला लावला. त्या माणसाचा आवाज एका ठिकाणी असा मधेच लोंबकळला… आणि मामा खाटेवरून उठलेच! "अरे, हा तं आपल्या हसनाबादचा! सरूबाईच्या ओळीतला हाय हा!" मग कितीतरी वेळ ते तेच गाणं पुन्हा लावायला सांगत होते. म्हणाले, "याची बी कोणी तरी बाकी ठिवली असंल, बघ."

शेवटची भेट दसऱ्यानंतरची. दम लागायचा, फुंकर पुरत नव्हती. वैशालीच्या लग्नाचं सांगितलं तर म्हणाले, "मी येतो. वाजवतो न्हाई तं नुसता धरून उभा राहतो. आन् आबाला सांग, त्या दिवशी घेतोच." मी घरी येऊन, कधी नव्हे ते, आबांपुढं उभी राहिले आणि सांगितलं. पदर तोंडाला होता, पण सांगितलं. आबा उठून बाहेर ओट्यावर गेले. मग मामा गेल्याचा फोन आला. त्या दिवशी आबा जेवले नाहीत.

लग्नाच्या आधी एका सकाळी आबा कोणाला न सांगता काठी घेऊन बाहेर पडले. संध्याकाळी जीपमधून उतरले आणि ओट्यावरूनच ओरडले, "सूनबाई! पाठवणीला हसनाबादचा बँड सांगून आल्तो. आपल्याकडून."

मला काय वाटलं ते मला लिहिता येत नाही.

पाठवणीची वेळ झाली. मामांच्या हाताखाली शिकलेला बबन पुढं आला. त्याच्या हातात मामांचंच क्लॅरनेट होतं, वरची चांदीची कडी झिजून पिवळी पडलेली. शमीम क्लॅरनेटची रिकामी पेटी छातीशी धरून बाजूला उभी होती. बबननं डोळे मिटले आणि सुरू केलं. ढोल हळूहळू मागून आला. वैशाली माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "आई, आजीच गातेय ना?" मी रडतही होते आणि नाचावंसंही वाटत होतं. आमच्याकडं वाजवणाऱ्यावरून नोट ओवाळून टाकतात. आबांनी उभ्या आयुष्यात कोणावरून नोट ओवाळली नव्हती. ते काठी टेकत मांडवातून पुढं आले, कोपरीच्या खिशातून रुमालात बांधलेलं पुडकं काढलं, आणि बबनवरून नाही, त्या क्लॅरनेटवरून ओवाळलं.

"लतीफ," ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं, "तुझी बाकी. आजच्या भावानं."

बबन थांबला नाही. शमीमनं पेटी उघडून पुढं धरली. आतल्या लाल मखमलीवर क्लॅरनेट ठेवून ठेवून पडलेला खोलगट वळ होता. आबांनी पुडकं त्यातच ठेवलं आणि पेटीला हात जोडले.

"मोजून घे, बाई."

"मोजायचं काय त्यात, आबा," शमीम म्हणाली. तिनं पेटीची कडी लावली. "पुरे आले."