खड्ड्यांची पावलं

नागावच्या स्टँडवर सहा आसनी रिक्षा चालवणारे एक काका पहिल्या फेरीआधी स्मार्टफोन माझ्या चहाच्या टपरीवर ठेवून जातात. गिऱ्हाइकांसाठी खिशात जुना बटणांचा फोन असतो. साखर वाढली तेव्हा लेकीने त्यांना पावलं मोजणारं अ‍ॅप टाकून दिलं. पण आमचा रस्ता असा, की रिक्षात बसल्या बसल्याच हजारो पावलं भरायची. स्टँडवरचे अ‍ॅप घेतलेले बाकीचे रिक्षावाले त्यावरच खूश. काका म्हणाले, "खड्ड्यांची पावलं माझी न्हाय." तेव्हापासून फोन माझ्याकडे.

संध्याकाळी रिक्षा लावली की फोन घेऊन ते समुद्रावर चालायला जातात. दोन वर्षांत खाडा नाही. तेच अ‍ॅप मी तीन दिवसांत काढून टाकलं होतं, सारखं टोचतं म्हणून.

परवा दिवेलागणीला काका परतले तेव्हा फोनवर फटाके उडत होते. दहा हजार पुरे झाले होते. मी चहा दिला. कप ओठाला लावता लावता ते थांबले.

"दुपारी तुला नातीचा फोटो दाखवाया फोन घेतला, तो खिशातच ऱ्हायला. अलिबागला जाऊन आलो की मी."

"कोण बघतंय काका?"

"कपावर बशी ठेव," म्हणाले, आणि पुन्हा समुद्राच्या वाटेला लागले.