लंबूची तलफ

लिफ्ट दुरुस्त करणारी ती जोडी. एक चांगला सहा फुटांच्या वर, दुसरा जेमतेम त्याच्या खांद्याला लागणारा. पहिल्याला सगळे लंबू म्हणत आणि दुसऱ्याला बुटकेराव. खरी नावं उरली होती ती फक्त हजेरीच्या वहीत. गंमत म्हणजे लंबू काम करायचा लिफ्टच्या तळातल्या खड्ड्यात, अंग मुडपून, आणि बुटकेराव वर, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, जिथं प्रत्येक गोष्टीला त्याला स्टूल लागायचं. "कामं वाटणारा डुलक्या घेत होता," असं इमारतींचे वॉचमन म्हणायचे.

सव्वीस वर्षं लंबूने खालून ओरडायचं, "सोड!" आणि बुटकेरावांनी वरून ब्रेक सैल करायचा. एकाचा जीव दुसऱ्याच्या मुठीत. एवढ्या वर्षांत कधी अबोला झाला नाही, की बोटाला मोठी जखम झाली नाही. काम संपलं की लंबू गच्चीवर यायचा, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला दोघं टेकायचे आणि एका काडीवर दोन सिगारेटी पेटायच्या.

मग लंबूला खोकला लागला. खोकला कसला, आत कोणी फर्निचर सरकवतंय असा आवाज यायचा. तपासण्या होईपर्यंत उशीर झालेला. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची खाट मिळाली आणि पाय खाटेबाहेर येतात म्हणून खाली एक खुर्ची लावावी लागली.

एका दुपारी बुटकेराव भेटायला गेले, तेव्हा लंबू म्हणाला, "एक झुरका दे. एकच."

"डोकं फिरलंय का? नाकात ऑक्सिजनची नळी आहे. भडका उडेल."

"मग खाली घेऊन चल."

"तुझी बायको माझी सालटी काढेल."

लंबू नुसता बघत राहिला. ते बघणं सोसेना, म्हणून बुटकेराव "चहा पिऊन येतो" म्हणून उठले. खाली, हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीशी, त्यांनी लागोपाठ दोन सिगारेटी ओढल्या. वर आले तेव्हा लंबूचे डोळे मिटलेले होते.

"ओढून आलास."

"नाही रे."

"जवळ ये."

बुटकेराव वाकले.

"अजून जवळ. आता श्वास सोड."

त्यांनी सोडला. लंबूने तो नाकाने, तोंडाने, जेवढा आत जाईल तेवढा ओढून घेतला. मग बराच वेळ खोकला. खोकला थांबल्यावर त्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी समाधान दिसलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

आठवड्याने बुटकेराव कामावर रुजू झाले. काम आटोपून सवयीने टाकीच्या आडोशाला टेकले आणि सिगारेट पेटवली. पहिला धूर सोडला आणि अंगावर सर्रकन काटा आला. गालाजवळ कोणीतरी श्वास आत ओढत होतं. हवा शांत होती, तरी धूर वर जायच्या ऐवजी बाजूला, एका ठरावीक उंचीवर खेचला जात होता. त्यांनी ती विझवली. संध्याकाळी बस थांब्यावर दुसरी पेटवली. तिथंही तेच.

लोक सिगारेट सोडतात ती शहाणपणाने किंवा डॉक्टरच्या धाकाने. बुटकेरावांनी सोडली ती भीतीपोटी. पण घरी हे कोणत्या तोंडाने सांगायचं? बायकोला एवढंच म्हणाले, "सोडली आजपासून."

"बघू या," ती म्हणाली. "मागच्या वेळी तीन दिवस टिकली होती. त्यातला एक दिवस तुम्ही तापाने पडून होता."

या वेळी टिकली, पण जीव मेटाकुटीला आला. चहाचा कप खाली ठेवला की हात आपसूक खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. दात शिवशिवायचे. पेपरमिंट चघळून जीभ सोलवटली. जेवताना मीठ कमी म्हणून मुलीवर खेकसले आणि मग तिच्या खोलीबाहेर चोरासारखे उभे राहिले. आतून ती म्हणाली, "बाबा, या आत. ओरडा हवं तर अजून थोडं, पण ओढू नका."

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई समजूतदार होती. म्हणाली, "तलफ म्हणजे दारात आलेला नकोसा पाहुणा. भांडू नका त्याच्याशी. फक्त आत बोलावू नका. पाच-सात मिनिटं ताटकळेल आणि जाईल निघून. तोवर हात कशात तरी गुंतवा, पाणी प्या, चार पावलं चाला."

उपाय लागू पडला. तलफ आली की ते गार पाण्याखाली मनगटं धरायचे, नाहीतर जिन्याने मजले उतरायचे. आठव्या मजल्यावरून तळापर्यंत येईतो ती ओसरलेली असायची. पण बाईंचं ते बोलणं मनात रुतून बसलं. दारात कोण उभं असतं ते त्यांना ठाऊक होतं. इतका उंच माणूस, वाकून आत डोकावणारा. त्याला एकदा नाही म्हटलं होतं, आता दिवसातून वीस वेळा म्हणायचं.

महिना उलटून गेला तरी लंबूच्या बायकोकडे, वहिनीकडे, जायचं धाडस झालं नव्हतं. शेवटी बायकोच म्हणाली, "त्याची हत्यारांची पिशवी अजून वर्कशॉपमध्येच पडलीय म्हणता ना? ती तरी नेऊन द्या."

रविवारी संध्याकाळी ते गेले. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. दाराजवळ लंबूचा कोट तसाच टांगलेला.

"खुंटी त्यांनी स्वतःच्या मापाने ठोकली," वहिनी म्हणाली. "माझा हात पोचत नाही, भावजी. आणि तुमचा तर त्याहून पोचणार नाही." दोघंही हसले. हसता हसता ती उठली, कपाटावरचं पाकीट घेतलं, एक सिगारेट पेटवली आणि मेजावरच्या बशीत ठेवून दिली.

बुटकेराव बघतच राहिले.

"ओढत नाही मी," ती म्हणाली. "दहाव्या दिवशी घरातून त्यांचा वास गेला. गादीतून, टॉवेलमधून, सगळीकडून. म्हणून रोज एक अशी लावते."

धूर सरळ वर चढला आणि खोलीभर पसरला. बुटकेरावांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तोंडाला पाणी सुटलं, कानात ठोके पडायला लागले. उठून जावं तर वहिनीला काय वाटेल? आणि त्या कासाविशीतच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, त्याने माझ्याकडे मागितली होती. मी दिली नाही. खाली जाऊन स्वतः ओढून आलो."

"माहितेय मला. म्हणाले होते, बुटक्याला खोटं बोलता येत नाही." तिने बशी थोडी जवळ ओढली. "दुसऱ्या दिवशी माझ्याकडे मागितली. मी दिली. नळी काढून, धरून धरून बाथरूममध्ये नेलं. दोन झुरके घेतले असतील. मग जो खोकला लागला, तो थांबलाच नाही."

बशीत राख आपल्या भाराने मोडून पडली.

"कोणाला सांगितलं नाही मी हे," ती म्हणाली. "तुम्ही नाही दिली म्हणून झुरताय. मला वाटतं, मीही नसती दिली तर... आणि मग वाटतं, मागत होते हो. लहान मुलासारखे मागत होते."

बुटकेराव बशीकडे वाकले. "विझवू का?" त्यांनी विचारलं. तिने मान डोलावली. त्यांनी थोटूक चिमटीत धरून बशीत चुरडलं. निघताना हात दोनदा साबणाने धुतले, तरी जिन्यावर थांबून त्यांनी बोटं हुंगली. एकदा नाही, दोन-तीनदा.

त्या आठवड्यात बांध फुटला. त्यांनी पाकीट विकत घेतलं, गच्चीवर गेले आणि टाकीच्या आडोशाला पेटवली. धूर सोडला आणि वाट पाहिली. गालाजवळ कोणीही श्वास घेतला नाही. धूर सरळ वर गेला आणि विरला. त्यांनी दुसरा झुरका घेतला, तिसरा घेतला, मान वळवून बघितलं. इतके दिवस ज्याला घाबरत होते, तो आता तिथं नव्हता. भीतीपेक्षा ते वाईट होतं. उरलेली सिगारेट बोटात जळत राहिली आणि बुटकेराव टाकीला कपाळ टेकून पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

त्यानंतर त्यांनी ओढली नाही. तलफ मात्र येत राहिली, आधी रोज, मग अधूनमधून.

चार वर्षांनी छातीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईने तो उजेडाला धरला आणि म्हणाली, "छान. काही काळजी नाही."

बाहेर बाकावर बायको बसली होती. "काय म्हणाल्या?"

"छातीत काही नाही म्हणाल्या."

"मग तोंड असं का?"

बुटकेरावांनी छातीचा फोटो पाकिटात घातला आणि पाकिटाचं तोंड नीट दुमडलं. इतकी चांगली बातमी सांगायला त्यांना एकच माणूस हवा होता, आणि त्याच माणसाला ती सांगायची त्यांना लाज वाटत होती.

"काही नाही," ते म्हणाले. "चल, बस येईल."