साडेपाचच्या बातम्या

छापखान्यातल्या कागदाच्या गोदामाचा तो कारकून. घरात त्याला कोष्टकराव म्हणत, आणि हे नाव दिलं होतं खुद्द बायकोनं. कारण साधी चप्पल घ्यायची म्हटली तरी हा गडी आधी कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारणार. फ्रिज कोष्टकातून आला, लेकीची शाळा कोष्टकातून ठरली. "मलाही कोष्टकातूनच निवडलंत ना?" असं बायकोनं विचारलं की महाशय नुसते हसायचे. आता काय समजायचं ते समजा.

तर जुनी केबल काढून एचडी घ्यायचं ठरलं, आणि कोष्टकरावांना भलताच हुरूप आला. दोन कंपन्या, तिसरा आपला जुना केबलवाला. चित्र कसं, आवाज कसा, तक्रार केली तर फोन कोण उचलतं, सगळ्याला एकेक रकाना. शिवाय घरातल्या प्रत्येकानं आपल्या आवडीची तीन चॅनलं सांगायची. "आपल्या घरात लोकशाही आहे," तो म्हणाला. बायकोनं तीन मालिकांची सांगितली, लेकीनं प्राण्यांची आणि कार्टूनची, त्यानं स्वतः तिन्ही खेळांची.

आई मटार सोलत बसली होती. ती म्हणाली, "मला ते आमच्याकडचं एक राहू दे. साडेपाचच्या बातम्या लागतात ना, ते."

आमच्याकडचं म्हणजे तिच्या माहेरच्या भाषेतलं. आई लग्न होऊन आली ती परमुलखातून. इथे तिची भाषा बोलणारं चिटपाखरू नव्हतं. ते चॅनल असं कळकट दिसायचं की बातम्या देणाऱ्या बाईचं नाक कुठे आणि कान कुठे, पत्ता लागत नसे. घरात सगळे त्याला 'आजीची गडबड' म्हणायचे. पण साडेपाच वाजले की आई पदर सारखा करून खुर्चीत ताठ बसायची, दहा मिनिटं.

सगळ्यात चांगल्या कंपनीकडे तेवढं एक सोडून बाकी सगळं होतं. कोष्टकरावांनी पट्टी घेतली आणि आईच्या ओळीवर सरळ रेघ मारली. "आई, दहापैकी नऊ मिळतायत. तुझं तेवढं नाहीये. चालेल ना?"

"चालेल की! मला मेलीला काय कळतंय त्या बातम्यांतलं!"

खोटं बोलली माउली. त्या घरात त्या बातम्या कळणारी ती एकटीच होती, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण सोयीचं होतं ना! मुकाट्यानं ऐकून घेतलं शहाण्यानं.

एचडी आलं. खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसायला लागला, मालिकेतल्या सासूच्या तोंडावरचे पावडरचे थर मोजता यायला लागले. घर खूश. आई साडेपाचला स्वयंपाकघरात जायला लागली.

दोन-तीन महिन्यांनी बायको हळूच म्हणाली, "अहो, आई हल्ली एकट्याच पुटपुटतात. डॉक्टरांना दाखवू या का?" कोष्टकरावांनी डॉक्टरांचं कोष्टक करायला घेतलं. हसू नका, खरंच घेतलं.

एके दिवशी तो गोदामातून लवकर आला. स्वयंपाकघरात आईचा आवाज. दारातच थांबला. आई पाठमोरी, ओट्याशी ताठ उभी, भाजी चिरता चिरता बोलत होती. पुटपुटणं कसलं! खणखणीत, एका लयीत, मध्येच पान उलटावं तशी थांबून. त्याला एक अक्षर कळेना. मग लेकीचं लाडाचं नाव आलं. मग सुनेचं. मग 'एचडी'. मग 'कोष्टकराव'. आई बातम्या देत होती. घरच्या बातम्या, तिच्या भाषेत, समोरच्या फरशांना. शेवटी तिनं मान लववून निरोपही घेतला.

त्याला शाळेचं फाटक आठवलं. तो सहावीत होता. आईनं त्याला तिच्या भाषेत हाक मारली होती, पोरं फिदीफिदी हसली होती, आणि तो तिला म्हणाला होता, "इथे तसं बोलत जाऊ नकोस." तिनं ते इतकं पाळलं की पुढे घरातही बोलली नाही. आणि आता उरलेली दहा मिनिटंही आपण पट्टी लावून काढून घेतली. लाज वाटली त्याला, स्वतःच्या पट्टीचीसुद्धा.

दुसऱ्याच दिवशी तो केबलवाल्याकडे गेला. "पुन्हा जोडून द्या. तेवढं एक चॅनल हवंय."

"ते बंद केलं हो. अख्ख्या भागातून त्याच्यासाठी एकच फोन यायचा, तुमच्या आईंचा. चित्र गेलं की लगेच, 'दादा, बघा ना जरा.' तुम्ही सोडलंत, मग म्हटलं, ठेवायचं कुणासाठी?"

मोबाइलवर शोधलं तर चार गाणी सापडली. बातम्या नाहीत. चॅनलवाल्यांनीच बघणारे कमी झाले म्हणून गाशा गुंडाळला होता. त्यातली एक बघणारी कोणी कमी केली, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

संध्याकाळी साडेपाचला तो स्टूल घेऊन ओट्यापाशी बसला.

"आई, बातम्या सांग."

"कसल्या रे?"

"रोज सांगतेस त्या. मी ऐकलंय."

आई चोरी पकडल्यासारखी गोरीमोरी झाली. "वेड नाही हं लागलेलं मला. बोललं नाही की विसरायला होतं, म्हणून आपलं..."

"आई, माझं चुकलं. मी तेव्हा..."

"पुरे. मटार सोल."

तो सोलायला लागला. आई लाजत, अडखळत सुरू झाली, मग आवाज लागला. दोन-चार वाक्यं झाली आणि ती एका शब्दापाशी अडली. मागे गेली, वाक्य पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच अडली. बोटानं खिडकी दाखवत म्हणाली, "अरे, हिला आमच्याकडे... काय बरं म्हणतात..."

"विसरले की रे," असं म्हणून तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याला येत असेल अशा आशेनं.

तो शब्द त्याला कुठून येणार होता?