मगर बघायला केलेली होडी

माझे थोरले दीर पलटणीतून हवालदार होऊन परत आले आणि घरातल्या गुरांनासुद्धा हुकूम सोडायला लागले. नोकरीत असताना बोटीतून त्यांनी म्हणे देवमासा पाहिला होता. वडूजकडच्या आमच्या विहिरींत बेडूकसुद्धा पाहुण्यासारखा चार दिवस राहून जायचा. त्यांना खोटं पाडणार कोण?

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दोनतीन वर्षांनी आम्ही मिरजेपलीकडच्या एका खेड्यात लग्नाला निघालो. सांगलीत पुढच्या एस.टी.ला दोन तास होते. हवालदार म्हणाले, "चला, कृष्णेतली मगर दाखवतो." मला लग्नाचं काही नव्हतं, पण मगर बघायचीच होती. चुलीपासून इतक्या लांब मी परत कधी येणार होते?

घाटावर होडी ठरवायला ते पुढे झाले.

"मगर दिसंल याची ग्यारंटी काय?"

"तिला सांगावा धाडलाय की," नावाडी म्हणाला. "आवं, थंडीचं उन्हाला पडती वाळूवर. न्हाईच दिसली तर माघारी आणून सोडतो."

"माघारी तर आणणारच की रं!"

"मग झालं तर."

सासूबाई गाठोडी राखत घाटावरच बसल्या. होडीत हवालदार आणि आम्ही तिघी जावा.

आमच्यात थोरल्या दिराला तोंड दाखवायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही. लग्नाला बारा वर्षं झाली होती. त्यांचे पाय मला पाठ होते, तोंड पाहिलेलं नव्हतं. थोरली जाऊ त्यांची बायको, पण तिला चारचौघांत नवऱ्याजवळ बसायची लाज. हवालदार पुढच्या टोकाला बसले, आम्ही मागच्या टोकाला, त्यांच्याकडे पाठ करून. होडी मागून बुडायला लागली.

"दोघी पुढं सरका," नावाडी ओरडला.

कोणी हललं नाही.

"आवं, वाघ बसलाय का तिथं?"

शेवटी त्याने हवालदारांच्या शेजारी घाटावरची वाळूची दोन पोती आणून ठेवली. पोत्यांना रीत नव्हती.

पलीकडचा काठ जवळ आला तसा नावाडी हळूच म्हणाला, "ती बघा, पुढं."

पुढं म्हणजे हवालदारांच्या बाजूला. आम्हाला समोर घाट आणि सासूबाई दिसत होत्या.

"लय मोठी हाय," हवालदार सांगू लागले. "तोंड उघडं टाकून पडलीया. दात बघा, दात!"

मगर ऐकायला मी आले नव्हते. पदर मागे सारला आणि सरळ वळून बसले.

मगर होती. चिखलात लोळवलेल्या ओंडक्यासारखी, आणि तोंड खरंच उघडं.

"कशी हाय वो?" धाकटीने माझ्या कानाशी विचारलं.

"वळ की. मान मोडत न्हाई."

ती वळली. मग थोरलीही वळली. होडी डुचमळली, म्हणून हवालदारांनी मागे पाहिलं. तिघी समोर तोंडं उघडी टाकून बसलेल्या! त्यांच्या गालांवर देवीचे व्रण होते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी घाईने डोक्यावरची टोपी काढली आणि तोंडापुढे धरली.

तेवढ्यात मगर उठली आणि पाण्यात शिरली. आम्ही तिघींनी तिची शेपटी बुडेपर्यंत पाहिली. हवालदारांनी टोपीचं अस्तर पाहिलं.

मगर पाण्यात कशी शिरली, ते पुढे गावात हवालदारच सांगायचे.