कडता काढा आधी

कोणतीही वस्तू हातात आली की मावशी ती आधी तळहातावर तोलून बघायची. माझी केसची फाइलसुद्धा तिनं अशीच तोलली आणि विचारलं, "ह्यात कामाचं किती अन् नुसता कागूद किती?" दहा वर्षं वकिली केलेल्या बाईला असं कोण विचारतं हो? मला रागच आला.

ही मळवलीची मावशी लोणावळ्याच्या बाजारात भाजी विकायची. गोणीचं वजन मालातून वजा करतात, त्याला बाजारात कडता म्हणतात. मावशीला सगळ्याच गोष्टींत कडता दिसायचा. मी काही लांबण लावली की म्हणायची, "वकीलबाई, कडता काढून सांगा."

तिचा मुलगा एका बंगल्याचा राखणदार. पाहुणे गेले, त्यांची जाड कापडी पिशवी मागे राहिली. परत मागायला येतील म्हणून यानं ती आपल्या खोलीत जपून ठेवली. धाड पडली तेव्हा तिच्यात गांजा निघाला. पाहुणे पसार आणि हा तुरुंगात.

गांजा किलोच्या आत असता तर जामीन हक्कानं मिळाला असता. पंचनाम्यात वजन होतं एक किलो चाळीस ग्रॅम. मी आपली त्याच्या सरळ स्वभावावर पानंच्या पानं लिहून काढली. सुनावणीच्या सकाळी, वडगावच्या कोर्टाबाहेर, ती मावशीला वाचून दाखवायला लागले. तिनं मधेच थांबवलं.

"पिशवीसकट तोललंय का?"

"मावशी, हे कोर्ट आहे. बाजार नाही."

"तोलनं समदीकडं सारखंच की. कडता काढलाय का न्हाई, तेवढं बगा."

पंचनामा मी तीनदा वाचला होता. चौथ्यांदा वाचला तेव्हा शब्द दिसला: 'पिशवीसह'. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

कोर्टानं पुन्हा वजन करायला लावलं. नुसता गांजा नऊशे ग्रॅमच्या आत भरला आणि जामीन झाला. मुलगा बाहेर आला तेव्हा मावशीनं त्याचं मनगट धरून बघितलं. "लय उतरलास रं," एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. त्या दिवसापासून मला ती फार आवडायला लागली.

खटला अजून चालूच आहे. दर तारखेला दोघं यायची. मागच्या तारखेला तो एकटाच आला, डोकं भादरलेलं. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "आई गेली, बाई. शेवटचं पानी माज्या हातनं प्याली. आत असतो तर कुनी पाजलं असतं?"