पारीबायची हाळी

आमच्याकडे येणारे पाहुणे घरी गेले की फोटो टाकतात, आणि त्यातल्या निम्म्या फोटोंत पारीबाय असते. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, डोक्यावर निळं हेल्मेट, नितेशच्या मागे कॅरियरवर दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसलेली, आणि तोंड उघडं. तोंड मिटलेला तिचा फोटो शोधून दाखवा. लोक खाली विचारतात, ही आजी कोण? नितेश उत्तर लिहितो, 'आमच्या सीनियर गाइड'. मला हसू येतं. गाइड कसली डोंबलाची. माझा नवरा आज माझ्या घरात बसून जेवतो तो तिच्यामुळे, आणि हे मी उगाच तिला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. तिला तसंही बरंच वाटत असतं.

मी प्रणिता. माहेर रोह्याचं, सासर पेण तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गावात. लग्न झालं तेव्हा नितेश डोलवीला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर वेल्डर होता. शिफ्ट संपली की घरी यायचा, मला आणखी काय हवं होतं? मग ते कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि मुकादमाने त्याला ओडिशातल्या एका कामावर पाठवलं. तेव्हापासून तो गणपतीला यायचा आणि शिमग्याला यायचा. मधल्या काळात आमची लेक चालायला लागली, बोलायला लागली. बाबा कुठे आहेत विचारलं की माझ्या मोबाइलकडे बोट दाखवायची. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. मला मेलीला आत जाऊन रडू यायचं.

एका गणपतीला तो आला तो डोक्यात खूळ घेऊनच. बॅटरीच्या सायकली आणायच्या. शहरातले लोक गाडीने पेणला येतील, तिथून आपण त्यांना घ्यायचं, गावातून जंगलाच्या वाटेने सायकलवर म्हसकोंडाला न्यायचं. तिथे पोहायचं, परत येऊन माझ्या हातचं जेवायचं. कोंड म्हणजे नदीतला खोल डोह. आमचा म्हसकोंड भर उन्हाळ्यातही आटत नाही, पाणी एवढं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. म्हसकोंड नाव कुणाला आवडणार म्हणून नितेशने जाहिरातीत 'जंगल पूल' लिहिलं. मी म्हटलं, म्हशींना तरी विचारायचं होतंत. मुकादमाला त्याने शब्द दिला, एवढा हंगाम घरी काढतो. नाही जमलं तर शिमगा झाला की परत येतो. तो शब्द माझ्या डोक्यावर तेव्हापासून टांगलेला.

आता पारीबाय. कोंडाच्या वाटेवर कातकरवाडी आहे, तिथली ती. जन्म कोळशाच्या भट्टीवर, कुठल्या रानात ते तिच्या आईलाही धड सांगता आलं नव्हतं. पुढे वीटभट्टी, बाळंतपणं, दोन मुलांची मरणं, नवरा केरू, जो दिवसाला चार शब्द बोलला तर खूप. पावसाळ्यात आमच्या सासूबाईंच्या शेतावर लावणीला यायची. नितेशला तिने लंगोटात पाहिलेलं, त्यामुळे अजूनही ती त्याला नित्याच म्हणते, पाहुण्यांसमोरसुद्धा. आवाज असा की खालच्या बांधावर चहा आला हे वरच्या रानात गुरांनाही कळावं. सासूबाई म्हणायच्या, हिच्या नरड्यात देवाने भोंगा बसवलाय. पारीबाय म्हणायची, लाकडं तोडायला रानात पांगलो की आईला शोधायचं कसं? हाळी दिली तर आई सापडायची, नाय दिली तर वाघाला सापडायचो.

सुरुवात झकास झाली. दोन-तीन रविवार पाहुणे आले, पोहले, जेवले, माझ्या वालाच्या बिरड्याचे फोटो काढून गेले. मग तो रविवार आला. नितेश चार पाहुणे घेऊन गेला आणि तासाभरात खाली मान घालून परत आला. कोंडाजवळच्या वळणावरून सायकली थेट पाण्याशी उतरल्या, आणि पाण्यात वाडीतल्या बाया अंघोळ करत होत्या. पारीबायची सून राणी केसाला साबण लावून डोळे मिटून उभी होती. पारीबायने ओलं लुगडं तिच्या अंगावर फेकलं आणि नितेशच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या शिव्या मी इथे लिहीत नाही, पण मला पाठ आहेत.

दुसऱ्या दिवशी वाटेवर काट्याची शिरी आडवी. आमच्याकडे अशी बोराटीची फांदी वाटेवर पडली की समजायचं, वाट बंद. जिने टाकली तिनेच ती उचलायची, दुसऱ्याने पायानेही सारायची नाही. फॉरेस्टचे लोकसुद्धा वळसा घालून जातात.

आणि माझ्या नवऱ्याने काय करावं? कोंबडी घेऊन गेला वाडीतल्या पुरुषांकडे. ते बिचारे जेवले, मान डोलावली, आमची काय हरकत नाय म्हणाले. नितेश विजयी मुद्रेने घरी आला. सकाळी जाऊन बघतो तर वाटेवर दोन शिऱ्या. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "अहो, अंघोळ बायांची मोडली आणि कोंबडी पुरुषांना? तुम्हाला कंपनीत वेल्डिंग कुणी करू दिलं?" संध्याकाळी मुकादमाशी फोनवर बोलताना ऐकला मी त्याला. गाड्यांची चौकशी करत होता.

तेव्हा मीच उठले. पारीबाय दारात सुकट निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "आलीस व्हय? मला वाटला, आता बकरा घेऊन सरपंचाकडं जातो का काय नित्या."

मी म्हटलं, "पारीबाय, तुझा राग बरोबर आहे. पण वाट बंद राहिली तर हे ओडिशाला जातील गो."

तिने निवडलेली सुकट बाजूला सारली. मग म्हणाली, "कोंड काय माझ्या बापाचा नाय. कुणाला नको म्हटला नाय आम्ही कधी. मोटारसायकल आली तर पलीकडच्या टेकडीवर कळते, आम्ही लुगडी नेसून बसतो. बापय माणूस चालत आला तर तो हाळी देतो, जबाबाला थांबतो, मग उतरतो. तुमच्या गाडीला तोंडच नाय. मांजरीसारखी येते."

मी घरी येऊन हे नितेशला सांगितलं. त्याने काय ऐकलं असेल? पेणला गेला आणि सगळ्या सायकलींना हॉर्न बसवून आणले. त्या जंगलात असा काही पोंपों झाला की पाहुणे म्हणाले, आम्ही हेच ऐकायला नको म्हणून इथे आलो होतो. दुसऱ्या दिवशी पारीबाय स्वतः आमच्या अंगणात. कमरेवर हात.

"नित्या, हा भोंगा काय म्हणतो? बाजूला व्हा म्हणतो. हाळी काय म्हणते? हायत का कोण, येऊ का, म्हणते. भोंगा जबाबाला थांबतो का?"

नितेश म्हणाला, "नाही."

"मग काढ तो."

हॉर्न निघाले. पण हाळी द्यायची कुणी? ओडिशाहून फोनवर बोलताना अख्ख्या गावाला ऐकू जाईल एवढा ओरडणारा माझा नवरा पाहुण्यांसमोर तोंड उघडायला लाजायला लागला. म्हणे, कसंतरीच दिसतं. पारीबायने त्याच्याकडे पाहिलं, मग सायकलकडे पाहिलं, मग कॅरियर हाताने दाबून बघितलं. म्हणाली, "माझा वजन पेलंल का हिला?"

अशी ती आली. हेल्मेट निळंच हवं म्हणाली, लाल तिच्या विहिणीचं असतं. विहीण कुठलं हेल्मेट घालते ते मी विचारलं नाही. वळणाच्या अलीकडे ऐनाचं झाड आहे, तिथे सगळ्या सायकली उभ्या करायच्या हे तिनेच ठरवलं. तिथून ती हाळी देते, "बाया हायत काऽऽ?" खालून काहीच आलं नाही तर उतरायचं. "थांबाऽऽ" असं आलं तर थांबायचं, बाया आवरून "याऽऽ" म्हणेपर्यंत. कधी दोन मिनिटं, कधी चांगला अर्धा तास. पाहुणे कुरकुरतात. मग पारीबाय त्यांना भट्टीवरच्या गोष्टी सांगते, कुणाचं लग्न झालंय, कुणाचं का नाही झालं त्याची चौकशी करते. कुरकुर थांबते, कारण तिच्यापुढे दुसऱ्याला बोलायला मिळतच नाही. शिऱ्या तिनेच उचलल्या.

तरीही शिमगा जवळ येत होता आणि पाहुणे पुरेसे नव्हते. रविवारी चार माणसं आली म्हणून वर्ष निघत नाही. मुकादमाचे फोन सुरू झाले होते. तेवढ्यात पुण्याच्या एका सहलीवाल्यांकडून आदर्श नावाचा माणूस येतो म्हणाला. त्याला जागा पसंत पडली तर दर आठवड्याला त्यांचे गट आमच्याकडे. जेवण कोंडाकाठीच हवं, अशी त्याची फर्माईश. म्हणून मी त्या दिवशी डबे घेऊन सायकलवर निघाले.

ऐनाच्या झाडाखाली थांबलो. पारीबायने हाळी दिली. खालून आलं, "थांबाऽऽ."

थांबलो. आदर्श चांगला माणूस होता, पण घाईत होता. त्याला तिथून पुढे आणखी कुठेतरी जायचं होतं. तो घड्याळ बघायचा आणि नितेश त्याच्याकडे बघायचा. खाली बाया निवांत, लुगड्यांचे पिळे दगडावर आपटल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने आदर्श हळूच म्हणाला, "आपण बाजूने एकदा नुसतं बघून येऊ या का? लांबूनच."

मी देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला वाटलं, जावं. एकदाच. कोण बघतंय? माझ्या तोंडाशी आलं होतं. नितेश आदर्शला म्हणाला, "नाही सर. जबाब आल्याशिवाय नाही." मला त्याचा अभिमानही वाटला आणि गळा आवळावासाही वाटला.

पारीबाय मात्र माझ्याकडे वळली. "तू बाई हायस ना गो?"

"म्हणजे?"

"मग तू कशाला उभी रव्हलीस बापयांत? चल खाली."

माझा हात धरून ओढतच नेलं तिने. एवढी वर्षं या गावात झाली, कोंडात मी पावलं बुडवण्यापलीकडे कधी गेले नव्हते. आमच्यातल्या बाया तिथे अंघोळ करत नाहीत, एवढंच कारण. राणीने माझ्या हातातले डबे काढून घेतले. पारीबायने साडीसकट मला पाण्यात ढकललं. थंडगार पाणी गळ्यापर्यंत आलं, श्वास अडकला, मग सुटला. बाया हसत होत्या. मीही हसत होते, आणि मनात मात्र एकच चाललेलं. तो पुणेवाला गेला असेल. गट गेले. आता शिमगा, आणि शिमग्यानंतर पेण स्टेशन.

तेवढ्यात वरून हाळी आली.

"बाया हायत काऽऽ?"

पारीबाय तर माझ्या शेजारी होती. आवाज फाटका, मधेच चिरकलेला, एखाद्या नवख्या कोंबड्यासारखा. नितेश होता तो. पाहुण्यासमोर, लाजत, पण ओरडला होता.

मी पारीबायकडे बघितलं. वाटलं, ती देईल जबाब. पण ती तोंड मिटून उभी. पहिल्यांदाच. राणी म्हणाली, "तुझा नवरा हाय, वहिनी. तूच दे."

स्टेशनवर मी त्याला दर वेळी सांगत आले होते, जपून जा. पोचल्यावर फोन करा. डबा गाडीतच खा. आणखी काही तोंडातून निघायचंच नाही. आता छाती भरून श्वास घेतला आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला.

"थांबाऽऽ."

कोंडाच्या कड्यावर तो आदळला आणि परत माझ्याच कानात आला. मग नितेशचा आवाज, या वेळी न चिरकता.

"थांबलोऽऽ."

मी पारीबायच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, "सोड गो, दोघी बुडू." पण तिनेही मला सोडलं नाही. तिचे उपकार मी फेडायला जाणार नाही, ते फिटणार नाहीत आणि तिला ते आवडणारही नाही. तिला माझ्या हातच्या वालाचं बिरडं आवडतं, ते मी दर रविवारी तिच्यासाठी वेगळं काढून ठेवते.

आम्ही "या" म्हटल्यावर वरून नितेश उतरला, आणि त्याच्यामागून आदर्शही. बूट हातात घेऊन. म्हणाला, शहरात आम्हाला कुणी असं थांबवत नाही. पोहला, दोनदा भात घेतला, आणि पुढच्या महिन्यापासून त्याचे गट यायला लागले.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी मुकादमाचा फोन वाजला. नितेश अंगणात लेकीला घेऊन सायकली धूत होता, म्हणून मीच उचलला. मुकादमाने विचारलं, नितेश कधी निघतोय?

मी म्हटलं, "ते थांबलेत."